पाणी परत येईल तेव्हाची तयारी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळपासून चोवीस तास पाणी बंद, असं सांगितलंस आणि ‘भरून ठेवते गं’ म्हणून विषय मिटवलास. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

प्यायचं आणि वापरायचं पाणी एका हिशेबात धरू नकोस. पिणं, स्वयंपाक, दात घासणं मिळून माणशी दिवसाला 4 लिटर लागतं. तुम्ही तिघी, म्हणजे 12. नोटीस एका दिवसाची असली तरी दोन दिवसांचं भर. दुरुस्ती लांबते, आणि संपली तरी पाइप भरून दाब यायला वेळ लागतो. हे पाणी झाकणाच्या भांड्यात, आणि त्यात कुणी हात बुडवायचा नाही.

पाणी खरं खातो तो फ्लश. एका वेळी 6 ते 9 लिटर, जुन्या टाकीला आणखी जास्त. त्यासाठी बादल्या वेगळ्या ठेव. तांब्या-तांब्याने ओतत बसलीस तर नुसतं पाणी जाईल. अर्धी-पाऊण बादली जरा उंचावरून एकदम ओत. भांडी विसळलेलं पाणीही तिथे चालतं. शेजारच्या आजींनाही विचार. त्यांना बादली भरता येते, उचलता येत नाही. लहान भांड्यांत भरून दे.

नळाची रबरी नळी बादलीत बुडलेली ठेवू नकोस. पाइपातला दाब गेला की ती बादलीतलं पाणी उलटं ओढते, आणि ते घाण पाणी पुन्हा नळालाच येतं. गीझरचं बटण बंद ठेव. आणि ‘आलं का?’ म्हणून नळ सोडून बघायचा, मग तसाच विसरून बाहेर जायचं, ही तुमच्या घरातली सवय मला माहीत आहे. निघताना प्रत्येक नळ हाताने फिरवून बघा.

पाणी जाण्याची तयारी सगळेच करतात. घोळ होतो तो ते आल्यावर. नळ आधी फुसफुसतो, मग खोकल्यासारखं लाल-तपकिरी पाणी फेकतो. बंद पाइपात दाब अचानक आला की आतला गंज, गाळ सुटून येतो. म्हणून पहिला नळ साधा, थंड पाण्याचा, तोंडाची जाळी काढून हळूच सोड. फिल्टर, गीझर नंतर. ते लाल पाणी वाया घालवू नकोस, फ्लशला ठेव.

पाणी दुधासारखं पांढरं दिसलं तर घाबरू नकोस. काचेच्या पेल्यात घेऊन बघ. खालून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. तळाशी काही बसलं तर गाळ. आणखी वाहू दे. निवळलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं मात्र नाही. शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळ.

कपड्यांचं मशीन आजच लावून घे. पाणी आल्यावर लगेच पांढरे कपडे टाकू नकोस, गंजाचे डाग सहजी निघत नाहीत.

तुझी,
आई