वेसाव्याच्या काकांना, शिबिरातल्या सगळ्यांकडून

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

मनोरीच्या किनाऱ्यावरचं आमच्या चर्चच्या मुलांचं शिबिर उठलं, त्या दिवशी पोरांना समुद्रात सांभाळल्याबद्दल पाकीट पुढे केलं, तर तुम्ही हात मागे घेतलात. "पोरं सगळी घरी चालली ना, झालं मग," एवढंच म्हणालात आणि मनोरीच्या तरीत जाऊन बसलात. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण मे महिन्याच्या सुट्टीत आपापल्या मंडळीतली मुलं समुद्रावर आणणारे पुष्कळ आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडची ४८ मुलं-मुली. विहिरीत सूर मारणारी, कालव्यात डुंबणारी. पाण्याची भीती कुणालाच नव्हती आणि खरा धोका तोच होता. विहिरीचा काठ कुठे जात नाही. इथे पायाखालची वाळूसुद्धा लाट परतताना ओढून नेते.

आधीच्या वर्षी ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांनी "जीवरक्षक आमचा" म्हणून वेगळे पैसे घेतले होते. माणूस आला तो शिट्टीशिवाय. खुर्ची टाकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि पोरं पाण्यात असतानाच उठून गेला. मुलींना तर पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही, सगळ्यांचे कपडे नि चपला राखायला वाळूवर बसवलं. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "काही झालं नाही ना?" ते उत्तर अजून सलतं.

तुम्ही आल्या आल्या वेळापत्रक मागितलंत. त्यात रोज चार वाजता 'समुद्र' लिहिलेलं. तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलंत नि म्हणालात, "आज वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट करा." दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती पुरी. चार वाजता ओहोटीचा तिसरा तास चालू. पौर्णिमा नुकतीच सरलेली, त्यामुळे पाणी उधाणाचं. सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारखं उतरत नाही. पहिल्या नि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं उतरून जातं. नेमक्या त्या ओढीत आम्ही पोरं सोडणार होतो. हा हिशोब शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण मुंबईच्या किनाऱ्यावर चार वाजता उतरायचं की नाही हे ठरवायला पुरतो.

समुद्राची वेळ तुम्ही सकाळी साडेआठवर आणलीत. साडेसातला पाणी तळाला, तासाभराने भरती लागलेली, पाण्याचा रेटा बहुतेक किनाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी सव्वानऊ, तिसऱ्या दिवशी दहा, कारण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. सकाळचा बायबल अभ्यास उचलून दुपारी सुरूच्या सावलीत न्यावा लागला. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि मग त्यांनीच खडू घेऊन फळ्यावर नवं वेळापत्रक लिहिलं.

दोर तुमचा होता. ३० मीटर नायलॉन, दर दोन मीटरला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण घट्ट आवळलेलं. किनाऱ्याला समांतर, सगळ्यात बुटक्या मुलाच्या कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही टोकं बांबूला. एका वेळी बाराच जण, सहा जोड्या, दहा मिनिटं. एक लांब शिट्टी झाली की जिथे आहात तिथे थांबा, दोन झाल्या की जोडीदाराचा हात धरून वर करा, तीन झाल्या की बाहेर. खाडीच्या तोंडाकडे कुणी फिरकायचं नाही, तिथे ओहोटी नदीसारखी धावते. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत न्यायचं, म्हणजे वाळूखाली बसलेलं पाकट, तो नांगीचा चपटा मासा, आधीच निघून जातं. आणि नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. त्यासाठी स्वयंपाकघरातला बंब रोज तापलेला असायचा.

मुलींना तुम्ही पहिल्याच तुकडीत घेतलंत. ओढणी वाळूवर ठेवायची आणि जीन्स मुलगा असो की मुलगी, कुणीच घालायची नाही, कारण भिजली की पायांना जखडते. बाकी नियम सगळ्यांना सारखे. दोघी-तिघींनी आयुष्यात पहिल्यांदा खारं पाणी चाखलं.

कार्यकर्त्यांना बाजूला घेऊन सांगितलेलंही इथे लिहून ठेवतो. बुडणारं माणूस ओरडत नाही. श्वासच घेता येत नसतो, तर हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत, आणि मिनिटभरात सगळं शांत. म्हणून आवाजाकडे कान देऊन बसू नका, डोकी मोजा. वाचवायला उडी टाकू नका, दोर बांधलेला कॅन फेका. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि एकाने लगेच १०८ ला फोन लावा. मनोरीला गाडी यायची तर भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून येते, तोवर जे काही करायचं ते तुम्हालाच.

आमच्या रिवाजात तुम्ही एकच बदल मागितलात. मुलं घोटाभर पाण्यात गोल करून डोळे मिटून प्रार्थना करणार होती. तुम्ही म्हणालात, "देवाचं नाव घ्या, पण कोरड्या वाळूवर. तुमचे डोळे मिटलेले असतील तोवर मी पाण्याकडे बघतो." तिन्ही दिवस तुम्ही तसेच उभे होतात, टोपी काढून, आमच्याकडे पाठ करून. आमेन ऐकल्यावर वाकून पाणी कपाळाला लावायचात आणि मगच पहिली तुकडी आत सोडायचात.

संध्याकाळी भजनाला टाळही हातात घेतलेत. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते अभंग नि कीर्तन बरोबर घेऊनच, त्यामुळे आमच्या उपासनेत टाळ-ढोलकी नवी नाही. तुमचा ठेका मात्र होडीवरचा होता. पोरांना तो फार आवडला.

पण काका, मनात घर करून राहिलंय ते चपलांचं.

पाण्यात शिरण्याआधी प्रत्येकाने चपला भरतीच्या रेघेच्या वर ओळीने लावायच्या, ही मोजणी तुमची. बाहेर आलेल्याने आपली उचलायची. वाळूवर जोड उरला तर कुणीतरी आत आहे. तिसऱ्या दिवशी एक जोड उरला. तीन शिट्ट्या. डोकी दोनदा मोजली, ४८ भरली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तुम्ही नाही. तो जोड हातात घेतलात. एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. ज्याची होती तो लाजेने अनवाणीच निघून गेला होता.

वाळूवर बसून तुम्ही कनवटीचा जाळ्याचा दोरा काढलात, दाभणाने भोक पाडलंत, दोरा तीनदा ओवून कोळ्याची गाठ मारलीत आणि ओढून पाहिलीत. मग दोन्ही चपला हातात धरून तापलेल्या वाळूतून निवासापर्यंत गेलात. ओसरीवर एका पोराचे तळवे लाल दिसले. त्याच्या पायांशी चपला ठेवल्यात, तोंड जुळत्या बाजूला करून, आणि म्हणालात, "घाल. वाळू तापलीय." का सोडलीस, असं विचारलं नाहीत. चार पोरांत त्याचं नावही घेतलं नाहीत.

त्या संध्याकाळचा पाठ बायबलमधला योहान १३ होता, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा. घंगाळ, तांब्या, टॉवेल, सगळं मांडून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या ताई उभ्या राहिल्या, पुस्तक उघडलं आणि बराच वेळ ओसरीकडेच बघत राहिल्या. त्या मुलाच्या आजा-पणज्यांच्या चपलांनी गावात काय काय सोसलंय, ते नगरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. ती चपल परक्या धर्माचा, वडीलधारा माणूस हातात धरून आणतो, आणि त्यात आपण काही मोठं करतोय हे त्याच्या गावीही नसतं. माणुसकी म्हणतात ती अशी बिनबोभाट येते.

दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलाय, कॅनची झाकणं काढून ठेवलीत. दोन कॅनना चीर गेलीय, ते बदलू. काकींनी पाठवलेले सुके बोंबील स्वयंपाकघराने एका दिवसात संपवले, त्यांना नमस्कार सांगा. नवं कालनिर्णय आलं की वेसाव्याला येतो. तारखा तुम्ही सांगाल त्या धरू, सभागृह नंतर बघू.

जय ख्रिस्त, आणि राम राम.

आपली,
शिबिराची कार्यकर्ते मंडळी आणि ४८ मुलं