पाळकाला हिशेब विचारणे म्हणजे बंड नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात एका ख्रिस्ती वाचकाने लिहिले आहे की, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वाद चव्हाट्यावर आणू नयेत आणि देवाने नेमलेल्या पाळकाचा, म्हणजे पास्टरचा, शब्द शेवटचा मानावा. त्यांची कळकळ मला समजते. मंडळ्यांचे तंटे धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहतात, हे पाहून कोणाही विश्वासणाऱ्याला वाईटच वाटते. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला मान्य नाही. मंडळीत विचारलेल्या प्रश्नाला मंडळीतच उत्तर मिळाले असते, तर यातले बरेच तंटे कचेरीची पायरी चढलेच नसते.

माझ्या ओळखीच्या एका मंडळीत घडलेली गोष्ट सांगतो. वार्षिक सभेत एका निवृत्त शिक्षिकेने, सगळे त्यांना बाईच म्हणतात, हॉलच्या भाड्याचा जमाखर्च वाचून दाखवा, अशी विनंती केली. हॉल लग्नाकार्याला दिला जातो, हे सगळ्यांना ठाऊक होते. हिशेबाची वही टेबलावरच होती. खजिनदारांनी ती उघडायला घेतली, तेवढ्यात पाळकसाहेबांनी वहीवर हात ठेवला आणि बायबलमधले वचन म्हटले, ‘माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे मी निवडून नेमलेल्यांना, हात लावू नका.’ लगेच प्रार्थना झाली आणि सभा संपली. पुढच्या महिन्यात शास्त्रपाठ वाचणाऱ्यांची यादी लागली, त्यात बाईंचे नाव नव्हते. त्या मंडळीतली दोन पिढ्यांची मुले याच बाईंकडे शब्बाथ शाळेत दहा आज्ञा शिकली. तरी एकानेही तोंड उघडले नाही.

वचनच काढले आहे तर ते पुरते वाचू या. स्तोत्र 105 मध्ये हे शब्द राजांना उद्देशून आहेत. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात उपरे म्हणून हिंडत होते, मूठभर होते, दुबळे होते. त्यांना छळू नका, असे देव सत्ताधाऱ्यांना बजावतो. दुबळ्याच्या रक्षणासाठी उच्चारलेले वचन खुर्चीवरच्या माणसाने प्रश्न विचारणाऱ्या बाईवर उगारावे, याचा मला संताप येतो. दावीद राजाही अभिषिक्त होता. तरी त्याच्या पापाबद्दल नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटले आणि दावीदाने ते ऐकून घेतले. अंत्युखियात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमक्ष टोकले. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचे बोलणे शास्त्रात रोज पडताळून पाहिले, आणि बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्यांची त्याबद्दल वाखाणणी आहे. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगितले आहे, ते खरे. पण त्या पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, हेही त्याच वचनात आहे. ते अर्धे वचन व्यासपीठावरून का ऐकू येत नाही?

आणि हा प्रश्न बाहेरून आलेला नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या पायातच तो आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. परक्या देशात, लहानग्या मनोरमेला घेऊन, पूर्णपणे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे सिस्टरांच्या, आश्रयाने त्या राहत होत्या. अशा वेळी गप्प बसणे सोयीचे होते. पण चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी उलट विचारले की, माझ्या वडिलांनी वा नवऱ्याने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला तुमची का? त्याच जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना 1885 साली लिहिलेल्या पत्रात तर त्या स्पष्टच म्हणतात की, मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू मी घेणार नाही. देवाच्या वचनाचे आज्ञापालन वेगळे आणि पाळकांचे आज्ञापालन वेगळे. ही पत्रे वाचताना मला त्यांच्या धैर्याइतकीच त्यांची भक्तीही जाणवते. ख्रिस्ताला त्यांनी सोडले नाही, मंडळीलाही नाही. मुळाक्षरे शिकलेल्या बाईलाही स्वतः शास्त्र वाचता यावे म्हणून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते संपूर्ण छापून झाले. ज्याला स्वतः वाचता येते त्याला कोणी अर्धे वचन सांगून गप्प बसवू शकत नाही, म्हणून मला या भाषांतराचे मोल फार वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आमच्या नगरच्या अधिक जवळचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 पासूनचे आणि नगरचे ठाणे 1831 चे. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. तिथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःच्या कारभाराची धनी. पाळक कोण असावा हे मंडळीने ठरवायचे. तत्त्व उत्तम होते. पण मिशनचा पैसा बॉस्टनहून यायचा, आणि ज्याच्या हातात पगार त्याच्या हातात पाळक, हा अनुभव इथल्या माणसांना पदोपदी येई. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली. उतारवय, प्रकृती तोळामासा, हातात दुसरा पगार नाही. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांची एक बंधुता. 1919 साली त्यांचे निधन झाले आणि दरबार पुढे फार काळ चालला नाही. म्हणून काहीजण तो प्रयोग फसला म्हणतात. मला तसे वाटत नाही. आजही रविवारच्या उपासनेत आपण त्यांचीच गीते गातो, आणि ती गाताना त्यांनी पगारावर पाणी सोडले होते हे आठवावे, एवढेच माझे म्हणणे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. काँग्रिगेशनल वळणाच्या मंडळ्यांनी बिशप स्वीकारले, बिशपांच्या परंपरेतल्यांनी निवडून आलेल्या समित्या स्वीकारल्या. एकीसाठी दोघांनीही काही सोडले, ते मी मोलाचे मानतो. बिशप असल्याने स्वातंत्र्य जाते, असे माझे म्हणणे नाही. गावच्या भांडणात अडकलेल्या मंडळीला बाहेरच्या थोर माणसाचा आधार लागतोच. अडचण होते ती पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या समितीची, निवडणूक लांबणीवर पडते, नियमावली फक्त इंग्रजीत कपाटात राहते आणि सभासदाला आपला हक्क काय हेच ठाऊक नसते तेव्हा.

याला कंटाळून अनेक तरुण कुटुंबे पुण्या-मुंबईतल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या स्वतंत्र मंडळ्यांत गेली. तिथली प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस, नव्या माणसाला मिळणारी जागा, हे सगळे खरे आहे आणि जुन्या मंडळ्यांनी त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण काही ठिकाणी स्वतंत्र आहे तो फक्त पाळक. त्याच्या वर बिशप नाही, खाली कमिटी नाही, दशांश, म्हणजे सभासदांनी मिळकतीचा दिलेला दहावा हिस्सा, त्याच्या घरच्या माणसाकडे जमा होतो. मुलीचे स्थळ पसंत करायचे की नाही, नोकरी बदलायची की नाही, हेही पास्टरांना विचारून. अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल येथून 1970 च्या दशकात हीच शिकवण ‘शेफर्डिंग’ या नावाने पसरली होती. प्रत्येकाने एका मेंढपाळाच्या अधीन राहायचे आणि आयुष्यातले मोठे निर्णय त्याच्या संमतीने घ्यायचे. अनेक घरांची त्यात वाताहत झाली. ती शिकवण देणाऱ्या पाच पुढाऱ्यांपैकी बॉब मम्फर्ड यांनी पुढे जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडे तीच वाट पुन्हा चालायची काय गरज आहे?

पाळकाचा अधिकार मी मानतो. रात्री दोन वाजता दवाखान्यात येऊन मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या पाळकाचा शब्द मंडळी आपणहून ऐकते, त्याला वचन उगारावे लागत नाही. पेत्राने आपल्या पत्रात मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना सांगितले तेच की, कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा. पैशाचा, मालमत्तेचा आणि निवडणुकीचा कारभार मात्र मंडळीचा आहे आणि तो उघड्यावर व्हायला हवा. सार्वजनिक न्यासाने हिशेब ठेवला पाहिजे, हे 1950 चा कायदा सांगतोच. मंडळीने ते कायद्याच्या भीतीने करू नये, आनंदाने करावे.

म्हणून माझी सर्व मंडळ्यांना विनंती आहे. तीन महिन्यांचा जमाखर्च उपासनेनंतर वाचावा आणि फलकावर लावावा. नियमावली मराठीत छापून प्रत्येक घरात द्यावी. हिशेबाच्या चर्चेच्या वेळी सभेचे अध्यक्षस्थान पाळकांनी सोडून एखाद्या ज्येष्ठ सभासदाला द्यावे, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कोणत्याही यादीतून गळणार नाही, हे कमिटीने लेखी ठरावाने नोंदवावे. गेल्या रविवारच्या पत्रलेखकांच्या मंडळीत हे आधीच होत असेल, तर ते कसे सुरू झाले आणि पाळकांनी त्याला कशी साथ दिली, हे त्यांनी आपल्या याच सदरातून कळवावे. आम्हाला त्याचा फार उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक मंडळी-सभासद,
अहिल्यानगर