बाबा, रिजेक्टचा डबा टाकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई काल म्हणाली, बाबांनी माळा आवरायला काढलाय आणि रिजेक्ट पिसांचा, म्हणजे साच्यातून बिघडून निघालेल्या नगांचा, तो पत्र्याचा डबा भंगारात जाणार आहे. बाबा, देऊ नका. मला हवाय. का हवाय ते फोनवर सांगायला लागले असते तर तुम्ही "बरं बरं, आईशी बोल" म्हणाला असता, म्हणून लिहिते.

मी प्रॉडक्ट डिझाइनच्या मुलांना मटेरियल आणि प्रोसेस शिकवते, एवढं तुम्हाला माहीत आहे. पहिली दोन वर्षं कशी शिकवली ते सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नव्हतं. नुसते तक्ते. पोलादाची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७, पॉलिप्रॉपिलीनची ०.९. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि स्टुडिओत जाऊन दिव्याची बॉडी 'ॲल्युमिनियम, कारण प्रीमियम दिसतं' असं ठरवून मोकळी व्हायची. नग किती काढायचेत विचारलं की गप्प. एकाने बऱ्याच वेळाने 'दोनशे' म्हटलं. दोनशे नगांसाठी डायकास्टिंगची डाय, म्हणजे वितळलेला धातू दाबून भरायचा महागडा साचा, कोण पाडून घेईल? पण तो प्रश्न मी वर्गात कधी काढलाच नव्हता, तर त्याला सुचणार कुठून!

मग केंब्रिजच्या मायकेल ॲशबींचे आलेख घेतले. आडव्या रेघेवर घनता, उभ्या रेघेवर ताठपणा, आणि कागदभर फुगे: धातूंचा एक, लाकडांचा एक, फोमचा खाली कोपऱ्यात. याने मुलं जागी झाली. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, २०० विरुद्ध ७० गिगापास्कल, पण वजनही तेवढंच तिप्पट. म्हणजे दांडी नुसती ओढायची असेल तर वजनाच्या हिशोबात दोघे सारखेच. तीच दांडी वाकू द्यायची नसेल तर गणितात ताठपणाचं वर्गमूळ येतं, कारण हलकं मटेरियल तेवढ्याच वजनात जाड घेता येतं. मग ॲल्युमिनियम पुढे जातं, आणि रेषेच्या दिशेने कापलेलं साधं लाकूड दोघांनाही मागे टाकतं. वर्गात यावर चक्क भांडणं झाली. मला बरं वाटलं.

पण आलेख बघून वस्तू कळत नाही. त्यात प्रिंटरने नवीच खोड लावून ठेवलीय. थ्रीडी प्रिंटरवर काहीही निघतं: आठ मिलिमीटर जाड भिंत, आत वळलेला आकडा, काटकोनात सरळ उभ्या बाजू. मुलांना वाटतं, निघालं म्हणजे जमलं. तुम्ही ड्रॉइंग हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायचात ना, "हा साच्यातून बाहेर कसा निघणार?", तो मी आता फळ्यावर लिहून ठेवलाय. पुसायचा नाही असं बजावलंय. साच्यातून सुटण्यासाठी बाजूंना साधा एक अंशाचा उतार द्यायला मुलांच्या जिवावर येतं, काय सांगू.

गेल्या महिन्यात मी तुमचं ते निळं झाकण वर्गात नेलं, लहानपणी खेळायला दिलेलं. काही न सांगता हातोहात फिरवलं. एकाला नखाने पार्टिंग लाइन लागली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. दुसऱ्याला आतले, नग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल दिसले. मधल्या बारीक टोकाला सगळ्यांनी डाग म्हटलं, तो गेट होता, प्लॅस्टिक साच्यात शिरतं ती जागा. वरचा खळगा मात्र कुणाला उलगडेना. दहा मिनिटांनी एका मुलीने झाकण उलटं केलं, आतल्या रिबवर, ताकदीसाठी दिलेल्या उभ्या पट्टीवर, बोट ठेवलं, तसंच धरून सुलटं केलं. बोट बरोबर खळग्याखाली. रिब भिंतीइतकीच जाड केलेली, तिथलं प्लॅस्टिक शेवटी थंड झालं आणि आत ओढलं गेलं. रिब भिंतीच्या निम्मी, फार तर साठ टक्के ठेवा, हे मी तीन वर्षं घसा फोडून सांगत होते. भिंत दुप्पट केली की थंड व्हायला चौपट वेळ लागतो, हेही त्या दिवशी मला एकदाच सांगावं लागलं.

आई, तुझे कपड्यांचे चिमटेही पाठव, मोडलेले. पांढरे बोटात चुरा होतात आणि काळे टिकतात, हे तू कधीपासून सांगतेस आणि आम्ही दोघं ऐकत नव्हतो. तुझं बरोबर होतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात, काळ्यातली काजळी ते किरण स्वतःच शोषून घेते. तक्त्यात जी ताकद दिलेली असते ती कोऱ्या तुकड्याची. दोन उन्हाळे दोरीवर काढलेल्याची कुणी छापत नाही.

तर बाबा, डब्यातलं काही पुसू नका, निवडू नका. साचा पुरता न भरल्याने शॉर्ट राहिलेले, कडेला पापुद्र्यासारखा फ्लॅश आलेले, वाकलेले, सगळे तसेच पाठवा. कुठल्या पिसात काय चुकलं होतं ते मात्र लिहा. पण चिठ्ठ्या पिसांना बांधू नका, आधी मुलांना शोधू दे. पिसांवर नंबर घाला आणि चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात.

निळ्या झाकणाची चिठ्ठी नको. ते मला येतं.

तुमची,
लेक