बाजारात पाय बांधलेला कोंबडा घेऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर परसातल्या कोंबडीपालनाची माहिती आली होती, चांगली होती, कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलंय. खाद्य, लस, खुराडं, अंडी सगळं होतं. कोंबड्याबद्दल मात्र एकच ओळ, की दहा कोंबड्यांमागे एक नर ठेवावा. बस. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, पंचवीसेक वर्षांपासून कोंबड्या आहेत अन् माझं म्हणाल तर अर्धी भानगड त्या एका नराचीच असते, म्हणून हे पत्र लिहून राहिली.

नुसती अंडी खायची-विकायची असली तर नर लागतच नाही, कोंबडी त्याच्याशिवाय अंडी देते, फक्त पिल्लं निघत नाहीत. पण गावात आपल्याला पिल्लं पाहिजेत, पाहुणा आला की कापायला कोंबडं पाहिजे, अन् दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांवर नजर ठेवणारा कोणीतरी पाहिजे.

आमचा आत्ताचा तांबडा कोंबडा परवा उकिरडा उकरत होता, मधेच मान वाकडी करून एका डोळ्यानं वर पाहिलं अन् बारीक लांब आवाज काढला, लगेच पिल्लंवाली तणसाच्या ढिगाखाली, बाकीच्या वांग्याच्या झाडांत, मी वर पाहते तर घार. मुंगूस नाहीतर कुत्रं आलं की हाच कोंबडा वेगळं ओरडतो, जोरात कट्-कट्-कटाक, तेव्हा कोंबड्या लपत नाहीत, मान उंच करून उभ्या राहतात. म्हणजे वरच्या धोक्याला एक आवाज, खालच्याला दुसरा. अन् उदई (वाळवी) सापडली की चोचीनं उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, कुक्-कुक् करत कोंबड्यांना बोलावतो, स्वतः गिळत नाही. कधी कधी साधा खडा दाखवूनही बोलावतो लबाड, आमची काळी कोंबडी आता त्याच्या हाकेला जागची हलत नाही.

आता हे सगळं बाजारात कसं दिसणार? तिथं पाय बांधून उलटा धरलेला कोंबडा गरीबच दिसतो. "मावशी, हा घ्या, तीन किलोच्या वर हाय," असं विकणारा म्हणतो, आपण हातात तोलून पाहतो, तुरा लाल आहे म्हणतो अन् पैसे देऊन मोकळे. मी दोनदा असाच आणला. एक तर इतका जड होता की आमच्या बारक्या देशी कोंबड्यांच्या पाठीवरची पिसंच गेली, एकीच्या बगलेला त्याच्या नखानं चीर पडली. वनराजासारख्या जड जातीचा नर देशीवर सोडताना हे लक्षात ठेवा, शिवाय वनराजाची मादी खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, तेव्हा त्याच्यापासून झालेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) अंडी उबवतील याची काही गॅरंटी नाही.

तिसरा मात्र घरचाच होता अन् तोच सगळ्यात बेकार निघाला. त्याच्या जोडीची सगळी पिल्लं मेली, हा एकटा वाचला, म्हणून पोरींनी घरात टोपलीत वाढवला, हातावर कनकी (तांदळाची कणी) खाऊ घातली, खांद्यावर बसवला. सात महिन्यांचा झाला, मानेची पिसं फुलवून आधी माझ्या झाडूवर धावायचा, आम्ही हसायचो, मग एक दिवस नातीच्या गालावर उडाला. डोळ्याच्या खाली दोन बोटांवर त्याच्या पायाचा काटा लागला. माणसाची भीतीच उरली नव्हती ना, आपल्याला तो दुसरा कोंबडा समजायचा, चूक आमचीच. लोक अशाला लाथ मारतात, त्यानं तो आणखी पेटतो. न पळता उभं राहायचं, पकडून काखेत धरून फिरवायचं, मोठ्या माणसासाठी हे चालतं, पण घरात लहान लेकरू असेल तर असा कोंबडा ठेवूच नये. आमच्याकडे उलटं होतं, शांत कोंबडा पाहुण्यांना कापतात अन् मारका "रुबाबदार" म्हणून राखतात, मग पिल्लंही त्याचीच. कोंबडबाजारात पायाला काती (धारदार पातं) बांधून लढवलेल्या रक्ताचा तर नकोच, अन् प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं ती झुंज गुन्हाच आहे.

म्हणून मी आता विकणाऱ्याच्या घरी सकाळी खुराडं उघडायच्या टायमाला जाते. मूठभर कनकी टाकायला लावते. आधी स्वतःच गपागप खातो की कोंबड्यांना बोलावतो, पंख खाली टाकून गोल फिरतो की नुसता मागे लागून पिसं उपटतो, मी जवळ गेली तर बाजूला होतो की अंगावर येतो, दहा मिनिटांत कळतं. मग हातात घेऊन नाक कोरडं आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, पायाचे खवले उचललेले तर नाहीत, शेपटीखाली उवा आहेत का ते पाहते. पायाचा काटा लांब अन् वाकलेला असेल तर म्हातारा आहे, सोडून द्या.

आणलेला कोंबडा लगेच कळपात सोडू नका, तीन आठवडे दूर डालग्याखाली ठेवा, त्याच्या पायानं मानमोडी (राणीखेत रोग) घरात येते. अन् घरचाच नर पिढ्यानपिढ्या ठेवू नका, आई-बहिणींवरच चालतो मग अंडी उबत नाहीत, पिल्लं किरकोळ निघतात. शेजारीण विचारते, "बाई, चांगला कोंबडा काऊन बदलवता?" तर म्हणून. जुना काढल्यावरही दोन-तीन आठवडे त्याचंच बीज कोंबडीत राहतं, तोवर अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची घाई करू नका.

आरवण्याचं म्हणाल तर त्याला इलाज नाही. उजेड नसला तरी त्याच्या अंगातलं घड्याळ चालू असतं, जपानच्या नागोया विद्यापीठानं २०१३ मध्ये ते दाखवलं, अन् पुढे २०१५ मध्ये हेही, की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्या मागून. आमच्याकडे दोन नर होते तेव्हा तांबडाच आधी, लहान्या नंतर. लहान्या संक्रांतीला बहिणीकडे गेला.

पुढच्या वेळी त्या पानावर कोंबड्यासाठी निदान अर्धा कॉलम ठेवा, अन् मानमोडीच्या लसीची तारीख लिहाल तेव्हा बाहेरून आणलेल्या नराचंही लिहा, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला कोणीच घेऊन जात नाही.

आपली नेहमीची वाचक,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर