तुझ्या भाषेतला सोमवार

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबत वहीचा फाडलेला कागदही. तुझ्या कल्पनेतल्या बेटावरच्या लोकांसाठी तू जी भाषा बनवते आहेस, तिच्यात दिवस म्हणजे ‘नूम’, म्हणून वार झाले तानूम, बेनूम, गिनूम. सात आकडे लावले की काम संपलं. वर टीप: ‘बाबा, प्रुफं बघता तसं लाल पेनानं बघा.’ बघितलं. पेन पहिल्याच ओळीवर अडलं. तुझा पहिला दिवस कुठला गं?

हसू नकोस. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे ‘सेगुंदा-फेइरा’, दुसरा. चिनीत तोच सोमवार पहिला. लोज्बान नावाची एक बनवलेली भाषा आहे, सगळी तर्कशास्त्रावर उभी. तिथेही तुझ्यासारखेच आकडे: सोमवार ‘पावदेइ’, मंगळवार ‘रेलदेइ’. पण रविवारला दोन नावं! ‘झेलदेइ’ म्हणजे सातवा आणि ‘नोनदेइ’ म्हणजे शून्यावा. तर्कवाल्यांचं हे, तर आपलं काय! आपण तर सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणतो.

एस्पेरांतो ही आणखी एक बनवलेली भाषा. ती काढणारा झामेनहॉफ डोळ्यांचा डॉक्टर होता. १८८७ साली वॉर्सात त्यानं पहिलं पुस्तक छापलं. त्याच्या भाषेत तुकडे जोडून शब्द करता येतात. चंद्र ‘लुनो’, दिवस ‘तागो’. मग सोमवार ‘लुनतागो’ व्हायला हरकत नव्हती. त्यानं केलं ‘लुंदो’. सरळ फ्रेंचमधला सोमवार उचलला आणि शेवटी नामाचा ‘ओ’ चिकटवला. ‘मार्दो’, ‘मेर्क्रेदो’ तसेच. आधी मला हा आळस वाटला. आता वाटतं, माणूस धोरणी होता. नवी भाषा शिकणाऱ्याला निदान वार तरी ओळखीचे भेटावेत.

मागे आमच्या छापखान्यात एका दिनदर्शिकेचा एक महिना बिघडला होता. तारखा बरोबर, तिथ्या बरोबर, वारांचा रकाना तेवढा एक घर सरकलेला. प्रूफ मीच वाचलं होतं. एका बाईंचा फोन आला, “अहो, माझा सोमवार मोडला की!” उपास होता त्यांचा. काय बोलणार? तुझ्या बेटावर बेनूमचा उपास कोण धरील, सांग बरं.

आपल्या वारांचा क्रम मात्र गणितातून आलाय, हे तुला आवडेल. आकाशात सर्वांत मंद चालणाऱ्यापासून सुरुवात कर: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दर तासाला, म्हणजे होऱ्याला, एकेक मालक. सूर्योदयाच्या पहिल्या होऱ्याचा जो मालक, त्याचाच तो दिवस. २४ ला ७ नं भाग, बाकी ३. म्हणून शनीपासून तीन घरं पुढे जा, रवी येतो. आणखी तीन, चंद्र. आणखी तीन, मंगळ. बोटांवर मोजून बघ. आणि पंचांगात वार रात्री बाराला बदलत नाही, उदयापासून उदयापर्यंत चालतो. तुझ्या लोकांचा दिवस कधी उजाडतो, तेही कागदावर नाही.

तू लिहिलंस की तुझ्या बेटावरचे लोक कोळी आहेत, आणि आभाळ बारा महिने धुक्यात. मग त्यांना मंगळ दिसणार कुठून? त्यांना कळणार ते पाणी. आपल्या कोकणात अमावास्या-पुनवेला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. उधाणापासून भांगापर्यंत सात दिवस आणि वर थोडे तास. आठवडा तर तिथे आयताच आहे! होडी बाहेर काढायचा दिवस, जाळी सुकवायचा दिवस, खाडी ओसंडायचा दिवस. आणि ते उरलेले तास साठत जातात, अधिक महिन्यासारखे. त्यांचं काय करायचं ते तूच ठरव. नावं मी सुचवणार नाही, तुझ्या लोकांची तोंडं मला माहीत नाहीत. तानूम हवाच असेल तर सरकारी कागदापुरता ठेव.

आजीला तुझा कागद वाचून दाखवला. ती अजून आईतवार, बेस्तरवारच म्हणते. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात बाजार कुठल्या दिवशी?”

डबा बेस्तरवारच्या एसटीनं येतोय. लाडू वरच्या खणात आहेत, खाली लोणचं. आडवा धरू नकोस.

तुझा,
बाबा