गृहउद्योगाचा पहिला कागद कोणता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : लघुव्यवसाय सुरू करताना लागणाऱ्या नोंदण्या आणि त्यांचा क्रम

मिरचीचा हंगाम लागला की आमच्या कराड भागात घरोघरी वर्षाच्या चटणीची धांदल उडते आणि कांडप यंत्रासमोर डबे रांगेत लागतात. मी आणि माझ्या जाऊबाई अनेक वर्षे घरच्या चटणीबरोबर नात्यागोत्यातील चार घरांची चटणी आणि पापडही करून देत होतो. हा व्यवहार ओळखीपुरता होता तोवर कागदांचा प्रश्न आला नाही. पुढे पुण्यातील एका दुकानदाराने महिन्याला ५० किलो कांदा-लसूण मसाला मागितला आणि पाकिटावर अन्न नोंदणीचा नंबर असल्याशिवाय माल ठेवणार नाही असे सांगितले, तेव्हा आम्हाला या वाटेला जावे लागले. तो अनुभव आपल्या वाचकांपैकी व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

गावातील एका सेवा केंद्राने ‘सगळी लायसन्स’ ६,५०० रुपयांत काढून देण्याची हमी दिली आणि आठ दिवसांत कागद हातात ठेवलेही. आम्ही लगेच नंबर घालून चार हजार पाकिटे छापून घेतली. नंतर लक्षात आले की, मसाला जाऊबाईंच्या घरामागच्या शेडमध्ये होत असताना अन्न नोंदणीवर पत्ता माझ्या घराचा पडला होता. अन्न व्यवसायाची नोंदणी ही व्यक्तीबरोबरच त्या जागेचीही असते, त्यामुळे नोंदणी पुन्हा करावी लागली आणि पाकिटे रद्दीत गेली. चूक केंद्रचालकाची होती, तशीच कागद न वाचता पैसे मोजणाऱ्या आमचीही होती.

या सगळ्यात जो शब्द सर्वाधिक गोंधळ करतो, तो ‘लायसन्स’ हा आहे. कायद्यात कुठे केवळ सूचना द्यायची असते, कुठे नोंदणी करायची असते आणि कुठे खरोखर परवाना घ्यायचा असतो. या तिन्हींना आपण एकच नाव देतो आणि जे काम विनाशुल्क किंवा शंभर रुपयांत होते, त्यालाही परवान्याचा भाव मोजतो. २०११ च्या अन्न परवाना नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली, दिवसाची उत्पादनक्षमता १०० किलोपर्यंत असावी अशी अट घातली आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे, जी आम्हाला कोणीच सांगितली नाही. अर्ज केल्यापासून सात दिवसांत नोंदणी दिली किंवा नाकारली गेली नाही आणि तपासणीचा आदेशही निघाला नाही, किंवा तीस दिवसांत कोणताच निर्णय कळवला गेला नाही, तर अर्जदार व्यवसाय सुरू करू शकतो. अर्थात, स्वच्छतेच्या अटी पहिल्या दिवसापासून पाळाव्याच लागतात.

‘उद्यम’ या लहान उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या नोंदणीची गोष्ट तर याहून सोपी. १ जुलै २०२० पासून ‘उद्योग आधार’च्या जागी आलेली ही नोंदणी पूर्णपणे विनाशुल्क आहे, तिला कागदपत्रे जोडावी लागत नाहीत आणि आधार व पॅन यांच्या आधारे स्वयंघोषणेवर ती होते. तरीही, सरकारी वाटावीत अशी रूपे धारण केलेली खासगी संकेतस्थळे याच कामासाठी हजार-दोन हजार रुपये घेतात, आणि आमच्या ६,५०० रुपयांतील मोठा वाटाही याच नोंदणीच्या नावावर गेला होता.

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याचेही तसेच. जुन्या १९४८ च्या कायद्यातील ‘गुमास्ता लायसन्स’ लोकांच्या तोंडी अजून आहे. २०१७ च्या कायद्याने मात्र दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून मोकळे करून व्यवसाय सुरू झाल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना देणे एवढेच त्यांच्याकडे ठेवले. त्या सूचनेची पोच हाच कागद. सुरुवातीला एकीच्याच नावावर चालू खाते उघडताना आमच्या बँकेतील अधिकाऱ्याने ‘ही पावती आहे, लायसन्स आणा’ म्हणून आम्हाला दोनदा परत पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे एकल मालकीच्या व्यवसायाकडून व्यवसायाचे दोन पुरावे घ्यायचे असतात, त्यांत उद्यम प्रमाणपत्र धरले जाते, आणि दोन देणे शक्य नसल्याची खात्री पटली तर बँक जागेची पडताळणी करून एका पुराव्यावरही खाते उघडू शकते. हे तिसऱ्या खेपेस आम्हीच त्यांना दाखवले.

आता क्रमाविषयी, कारण माझे खरे म्हणणे तेच आहे. पोर्टलवर अर्ज भरणे ही फार पुढची पायरी आहे. व्यवसाय कोणाच्या नावावर, कोणत्या जागेत आणि कोणत्या नावाने चालणार, या तीन गोष्टी घरात बसून आधी ठरवाव्या लागतात, कारण पुढचा प्रत्येक कागद त्यांच्यावर उभा राहतो. आम्ही दोघी. भागीदारी करावी की एकीच्या नावावर घ्यावे? एकल मालकीत मालकाचेच पॅन चालते, भागीदारी संस्थेला स्वतंत्र पॅन काढावे लागते. म्हणून आधी एकीच्या नावावर सुरू करून दोन वर्षांनी भागीदारी केली, तर जवळजवळ सगळ्या नोंदण्या नव्याने कराव्या लागतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यात संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. ‘जावाजावांत कसला करार?’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी म्हटले. तरी आम्ही नफ्याचा वाटा, शेडचे भाडे आणि कोणी बाहेर पडल्यास काय करायचे, हे लिहून भागीदारीपत्र केले आणि ते रीतसर नोंदवले. नात्यासाठीही ते बरेच झाले.

जागेविषयी दोन व्यावहारिक बाबी. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांचा वीजवापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्यांना घरगुती दर लावण्याची तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत आहे. ती माहीत नसल्यामुळे कितीतरी जण व्यापारी मीटरच्या धास्तीने व्यवसाय लपवून ठेवतात. गॅसबाबत मात्र सवलत नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, व्यापारी सिलिंडरच घ्यावा लागतो, आणि मसाला भाजण्याचा खर्च मांडताना तोच भाव धरला पाहिजे.

पाकीट सगळ्यांत शेवटी छापावे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, वजनाच्या एककामागे पडणारी किंमत, उत्पादनाची व वापरण्यायोग्य मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक पदार्थ, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, चौदा अंकी अन्न नोंदणी क्रमांक आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी संपर्क, इतके तरी हवेच. स्वतः पाकीटबंद माल विकणाऱ्याला वैधमापनशास्त्र (वजने-मापे) विभागाकडे ९० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे, आणि आमच्या ‘सगळ्या लायसन्सां’त हीच नोंदणी नव्हती. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे दरवर्षी पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, करून घ्यावे लागते, ते वेगळेच. येथे एक गंमतही नोंदवते. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत असणे सक्तीचे आहे, आणि पाकिटावरील हा तपशील मात्र देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असला पाहिजे, मराठी वाटल्यास जोडीला चालते. केवळ मराठीत छापलेले आमचे सुबक पाकीट, पत्ता बरोबर असता तरी, अपुरेच ठरले असते.

कराचा बाऊ फार केला जातो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपलीकडे जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परंतु आमच्याकडून बेळगाव फार लांब नाही, तेथील पाहुण्यांच्या दुकानात मसाला ठेवायचा झाला, तर राज्याची सीमा ओलांडल्यामुळे ही सवलत पहिल्या पाकिटापासून संपते. केवळ पापड विकणाऱ्याला ती अडचण नाही, कारण पापड करमुक्त आहे. याउलट राज्याचा व्यवसाय कर हा लहान वाटणारा विषय पुष्कळांच्या स्मरणातच राहत नाही. वर्षाला साधारण २,५०० रुपयांचा हा कर वेळेवर नोंद न केल्यास मागील वर्षांसह वसूल होतो.

कर्जाच्या बाबतीत अनुदानाचा आकडा पाहून यंत्र मागवू नये, इतकेच सांगते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले, मात्र स्वतःचे १० टक्के आधी घालावे लागतात आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत अडकून राहते. हप्ते नियमित असतील तरच ती कर्जात वळती होते. योजनांच्या मुदती बदलतात, म्हणून कृषी विभागात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारावे. कांडप यंत्राऐवजी सुरुवातीला गावातील गिरणीवर काम करून आम्ही भांडवल वाचवले, आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग आम्हाला उधारी थकल्यावर कळला. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते करणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तीन महिने फोन न उचलणाऱ्या एका खरेदीदाराला आम्ही हे कलम नमूद करून साधे पत्र पाठवले, आणि त्याच आठवड्यात रक्कम खात्यात आली. पुरवठ्याआधीच नोंदणी झालेली असावी, म्हणजे वाद उरत नाही. म्हणून आमच्या यादीत हा कागद आता अगदी वर आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तहसील कार्यालय, नगरपरिषद आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्या दर्शनी भागात मराठीतील एकच फलक लावावा. कोणत्या व्यवसायाला काय लागते, ते सूचना आहे, नोंदणी आहे की परवाना, सरकारी शुल्क किती आणि कोणता कागद कोणाच्या आधी, एवढेच त्यावर असावे. सेवा केंद्रांनी आपली सेवाफी जरूर घ्यावी, टंकलेखनाचे कष्ट त्यांचेही आहेत, परंतु पावतीवर सरकारी शुल्क आणि स्वतःची फी वेगवेगळी दाखवणे त्यांच्यावर बंधनकारक करावे. बाजारात नवी मिरची फेब्रुवारीत येऊ लागते. त्याआधी हे फलक लागले, तर येत्या हंगामात आमच्यासारख्या किमान काही जणींची पाकिटे रद्दीत जाणार नाहीत.

आपली,
एक गृहउद्योजिका, कराड