काखेखालच्या चिंध्या

प्रिय लेकीस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. कचेरीत ज्या बाईंवर हिशेबातल्या घोळाचा ठपका आला आहे, त्यांच्याशी कोणी बोलेनासे झाले आहे, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावे असे मनात असूनही तुझा पाय उचलत नाही, असे तू लिहितेस. त्यावरून आपला विश्वासच लटका आहे की काय, असा प्रश्न तुला पडला आहे. मला तसे वाटत नाही.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 38वा अध्याय काढून वाच. सरदारांनी त्या संदेष्ट्याला विहिरीत सोडले होते. तिच्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. राजा सिद्कीयानेही त्यांच्यापुढे हात टेकले होते. अशा वेळी एबद-मलेख हा राजवाड्यातला कूश देशाचा सेवक, म्हणजे तिथे परकाच, बन्यामीन वेशीत बसलेल्या राजाकडे गेला आणि या लोकांनी दुष्टपणा केला आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. प्रवचनात याच धाडसाचे कौतुक होते. माझे मन मात्र पुढच्या दोन ओळींवर रेंगाळते. राजाने दिलेली माणसे घेऊन तो आधी भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथल्या जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे त्याने दोरांनी विहिरीत सोडले, आणि दोर काचू नयेत म्हणून ते काखेखाली घे, असे यिर्मयाला सांगितले. जीव वाचवायची घाई असताना काखा सोलवटतील याची काळजी त्याला सुचली! पुढच्याच अध्यायात परमेश्वर त्याला सांगतो की, ज्यांची तुला धास्ती आहे त्यांच्या हाती तू पडणार नाहीस. म्हणजे हा माणूस भ्यालेला होताच.

ठपका खरा की खोटा, हे चौकशी करणारे पाहतील. तू जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी जाऊन बस. लगेच बायबलमधली वचने मात्र ऐकवू नकोस. अडचणीतल्या माणसाला वचन ऐकवण्यात पुष्कळदा ऐकवणाऱ्याचीच सोय असते. उपाशी भावाला नुसते 'तृप्त व्हा' म्हणून वाटेला लावणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात चांगलेच फटकारले आहे. त्या बाईंना चौकशीसाठी कागदपत्रे जुळवायची असतील, तर ते काम तुला चांगले जमते.

बाकीचे टोमणे मारतील. त्यांच्याशी अबोला धरू नकोस, पूर्वीसारखीच बोल. मला तर हेच जास्त अवघड वाटते. काय झाले ते कळव.

तुझी,
आई